मोटारीचा ताप आणि त्याचे निदान : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. वैद्याच्या तोंडी तो रोगाचे मूळ शोधण्याची क्रिया दाखवितो. सामान्य बोलण्यात ‘निदान एवढे तरी करा’ अशा वाक्यांत तो किमान मर्यादा दाखवितो. संस्कृतातील त्याचा सर्वांत जुना अर्थ मात्र दावे, बंधन असा आहे, आणि ऋग्वेदात तो गाईंच्या बंधनासाठी योजलेला आढळतो. दाव्याचे एक टोक हाती धरून चालत गेले असता दुसऱ्या टोकाला बांधलेले जनावर सापडते. त्याचप्रमाणे कार्याच्या टोकाकडून कारणाकडे जाणे, अशी या शब्दाच्या अर्थाची वाटचाल कल्पिता येते. बौद्ध परंपरेत दुःखाच्या कारणांची जी बारा कड्यांची साखळी सांगितली आहे, तिच्या कड्यांनाही ‘निदाने’ असेच म्हटले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या जुन्या शब्दाचा एक नवा प्रांत हा आहे. जुन्या मोटारगाडीतील पाणी कमी होणे आणि तिचे इंजिन तापणे, या जोडदोषाचे निदान कसे केले जाते व ते वारंवार का चुकते, याचा येथे ऐतिहासिक दृष्टीने विचार करावयाचा आहे. विषय कारखान्यातील वाटला तरी त्याचे एक अंग इतिहासाचे व एक अंग भाषेचे आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, हे निदान चुकते ते केवळ यंत्राच्या अज्ञानामुळे नव्हे. एका यंत्रयुगातील सवय आणि एका हवामानातील नाव ही दोन्ही दुसऱ्या युगातील व दुसऱ्या हवामानातील यंत्राला चिकटून राहिली, हे त्याचे खोल कारण होय. रायगडच्या किनाऱ्यावर ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते. यास्तव तो प्रदेश दृष्टांतादाखल निवडला आहे.

२

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. सुमारे एक तृतीयांश भाग शीतनाच्या पाण्यातून बाहेर टाकावा लागतो, आणि उरलेल्यातील बहुतेक धुराबरोबर निघून जातो. म्हणजे गाडी चालविण्यास जेवढी उष्णता उपयोगी पडते, तीहून अधिक उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. हे काम पाण्याकडून कसे करून घ्यावयाचे, याचा इतिहास हाच पाणी कमी होण्याच्या दोषाचा इतिहास आहे.

कार्ल बेंझ याने इ. स. १८८६ मध्ये ज्या तीनचाकी मोटारीचे एकस्व मिळविले, तिच्यात इंजिनाभोवतीचे पाणी उकळून त्याची वाफ होऊ दिली जाई, आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाई. शीतनाची ही पद्धत उधळी वाटली तरी निर्बुद्ध नव्हती. एक लिटर पाणी वीस अंशांनी तापले असता ते अवघ्या २० किलोकॅलरी उष्णता घेते. तेच पाणी उकळून त्याची वाफ झाली असता सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. या यंत्रात पाणी आटणे हा दोष नव्हता, ते यंत्राचे कार्यच होते. इ. स. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ हिने आपल्या दोन मुलांसह मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरांचा जो प्रवास केला, तो मोटारीचा पहिला दीर्घ प्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. वाटेत वीसलोख येथील औषधविक्रेत्याकडून तिने इंधन घेतले ही कथा सर्वत्र सांगितली जाते. पाणी मात्र तिला वाटेत पुनःपुन्हा मिळवून भरावे लागले, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. मोटारीच्या पहिल्याच दीर्घ प्रवासात पाणी घालणे हा चालकाचा नित्यधर्म होता.

पुढील टप्पा पाणी न दवडता फिरविण्याचा. विल्हेल्म मायबाख याने इ. स. १९००-०१ च्या मर्सिडीस गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या, आणि त्यामुळे सुमारे नऊ लिटर पाण्यावर ते बलिष्ठ इंजिन थंड ठेवता येऊ लागले. तेच पाणी इंजिनातून रेडिएटरात आणि रेडिएटरातून पुन्हा इंजिनात जाऊ लागले. तथापि हे अभिसरण प्रारंभी सर्वत्र पंपाच्या बळावर होत नव्हते. इ. स. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल ‘टी’ गाड्यांपैकी अगदी आरंभीच्या सोडल्या तर बाकीच्यांत पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड झालेले जड होऊन खाली उतरते, एवढ्याच तत्त्वावर ते फिरे. या पद्धतीत पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की अभिसरण थांबे. शिवाय झाकणावर दाब नसल्यामुळे थोडे पाणी सदैव उडून जाई. यास्तव प्रवासापूर्वी रेडिएटरात पाणी पाहणे व कमी असेल तर घालणे, ही सवय येथेही योग्यच होती.

३

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे या व्यवस्थेत जो बदल सार्वत्रिक झाला, तो दिसावयास लहान परंतु परिणामाने मोठा होता. रेडिएटरच्या साध्या झाकणाच्या जागी कमानीचे, दाब धरून ठेवणारे झाकण आले. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. झाकणाने वातावरणाहून सुमारे अर्धा बार अधिक दाब धरला तर पाणी १०० ऐवजी ११२ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. एक बार धरला तर १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्याचा पंप, ठराविक तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट आणि हे झाकण, या तिहींनी मिळून शीतनाची व्यवस्था बंदिस्त केली.

येथे इतिहासाचे एक वळण घडले, आणि ते भाषेत नोंदले गेले नाही. उघड्या व्यवस्थेत पाणी कमी होणे ही स्थिती होती. बंदिस्त व्यवस्थेत ते लक्षण झाले. बंदिस्त व्यवस्थेतील पाणी तत्त्वतः कमी होता कामा नये. ते कमी झाले तर कोठे तरी वाट फुटली आहे, आणि जेवढे गेले तेवढे भरून काढल्याने ती वाट बुजत नाही. परंतु ‘पाणी घाल’ हे वाक्य दोन्ही युगांत तेच राहिले. पहिल्या युगात ती देखभाल होती. दुसऱ्या युगात ती रोगाची लपवणूक झाली. शब्द तोच राहिल्यामुळे क्रियेचा अर्थ उलटला आहे हे चालकाच्या ध्यानात आले नाही.

दाबाच्या झाकणाने आणखी एक सवय घातक ठरविली. उघड्या रेडिएटरचे झाकण तापलेल्या गाडीतही काढता येई. दाबाखालील पाणी ११० अंशांवर असता झाकण काढले, तर दाब एकाएकी नाहीसा होऊन त्यातील काही भागाची तत्क्षणी वाफ होते आणि उकळते पाणी झाकण काढणाऱ्याच्या तोंडावर व हातावर उसळते. हातात फडके धरून झाकण फिरविण्याची रीत या धोक्यापासून वाचवू शकत नाही. इंजिन पूर्ण निवाल्यावाचून झाकणास हात न लावणे, हा बंदिस्त युगाचा पहिला नियम होय. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणेही तितकेच वाईट, कारण त्या धक्क्याने धातूस चीर पडण्याचा संभव असतो.

४

आता रायगडच्या किनाऱ्याकडे वळू. या जिल्ह्याचे नाव इ. स. १९८१ पर्यंत कुलाबा असे होते. मुंबई बंदर समोर, सह्याद्रीची भिंत पाठीशी आणि मध्ये खाड्यांनी तोडलेली चिंचोळी भूमी, अशी त्याची रचना आहे. घाट चढून देशावर जाणारा बोरघाटाचा गाडीरस्ता इ. स. १८३० मध्ये सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. किनाऱ्याचा व्यवहार मात्र दीर्घकाळ होड्या, तरी व आगबोटी यांच्यावर अवलंबून राहिला. मोटार येथे आली ती मुंबईच्या मार्गाने. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने इ. स. १९२८ मध्ये गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. इ. स. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही संस्था स्थापिली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात केवळ गाड्या जुळविणाऱ्या परकीय कंपन्यांना आपले काम आवरते घ्यावे लागले. जनरल मोटर्सने इ. स. १९५४ मध्ये ते बंद केले. त्यानंतरची तीन दशके रस्त्यावर मुख्यतः दोनच गाड्यांचे राज्य होते : कुर्ल्याची फियाट ११००, जी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, आणि उत्तरपाड्याची ‘अ‍ॅम्बॅसेडर’, जिचे उत्पादन इ. स. २०१४ पर्यंत चालले.

या मर्यादित निवडीचा एक परिणाम अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. तीच गाडी, तेच इंजिन व तेच सुटे भाग दशकानुदशके टिकल्यामुळे रस्त्याकडेच्या मेकॅनिकांमध्ये निदानाची एक सामाईक परंपरा आणि सामाईक बोली स्थिरावू शकली. त्याच वेळी गाडी बदलण्याची सोय नसल्यामुळे दोष घेऊनच ती चालविण्याची, म्हणजे पाण्याचा डबा बरोबर बाळगण्याची, प्रथाही स्थिरावली. ज्ञान आणि त्याचा प्रतिबंध ही दोन्ही एकाच परिस्थितीची अपत्ये होत.

पाणी घालावयाचे, पण कोणते? अलिबाग व पेण तालुक्यांच्या मधल्या, धरमतर खाडीलगतच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. बांध घालून समुद्रापासून सोडविलेल्या या भातजमिनीस कुलाब्याच्या जुन्या महसुली परिभाषेत ‘शिलोत्री’ ही संज्ञा होती. त्यांच्या रक्षणासाठी इ. स. १९४८ मध्ये मुंबई राज्याने व इ. स. १९७९ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कायदे केले. पेण-उरणकडील मिठागरे प्रसिद्धच आहेत. अशा प्रदेशात वाटेवरच्या विहिरीचे पाणी गोडे असेलच असे नाही. उन्हाळ्यात ते अधिकच मचूळ होते. ते पाणी रेडिएटरात गेले म्हणजे दोन क्रिया सुरू होतात. त्यातील चुनखडीचे क्षार तापलेल्या पृष्ठभागांवर थर धरतात. हा थर उष्णतेचा कुवाहक असतो व बारीक नळ्या बुजवितो. दुसरे असे की, मिठाने पाण्याची विद्युत्-वाहकता वाढते, आणि निरनिराळे धातू त्यात एकत्र आले की विद्युत्-घट तयार होऊन त्यांतील एक धातू झिजू लागतो. फियाटच्या इंजिनात ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि रेडिएटर तांबे-पितळेचा होता. यांत झिजावयाचे ते अ‍ॅल्युमिनियम; आणि ते झिजते ते बहुधा पाण्याच्या वाटांच्या तोंडाशी, म्हणजे जेथे गॅसकेटने पाणी अडवून धरावयाचे असते नेमके तेथे. ‘अ‍ॅम्बॅसेडर’चे हेड लोखंडी असल्यामुळे हा विशिष्ट रोग तिला त्या प्रमाणात जडत नसे. सारांश, पाणी कमी झाले म्हणून वाटेतल्या विहिरीचे पाणी घातले, आणि त्या पाण्यानेच पुढे पाणी जाण्याची नवी वाट पाडली, असे हे चक्र आहे. खाऱ्या वाऱ्याने रेडिएटरचे पातळ पत्रे बाहेरून खाल्ले जातात ते वेगळेच.

या झिजेवर उपाय उपलब्ध नव्हता असे नाही. इथिलीन ग्लायकॉलचे मिश्रण इ. स. १९२७ पासून अमेरिकेत मोटारीसाठी विकले जात होते. पुढील काळात त्यात धातूंची झीज रोखणारी द्रव्येही घातली जाऊ लागली. शिवाय पाण्याशी निम्मे मिसळले असता ते उत्कलनबिंदू साध्या हवेच्या दाबालाही १०६ अंशांच्या आसपास नेते. परंतु हे द्रव्य बाजारात आले ते गोठण रोखणारे द्रव्य या अर्थाच्या इंग्रजी नावाने. ज्या किनाऱ्यावर पाणी गोठल्याचे कोणी पाहिलेले नाही, तेथे त्या नावाच्या वस्तूवर पैसा खर्चणे वेडेपणाचे वाटले तर नवल नाही. वस्तूच्या तीन गुणांपैकी थंड देशाला महत्त्वाचा वाटलेला एकच गुण नावात आला, आणि उष्ण किनाऱ्याला हवे असलेले दोन गुण त्या नावाने झाकून टाकले. पुढे ‘कूलंट’ हे नाव रूढ झाले तेव्हा हा पडदा काही अंशी दूर झाला. नाव बदलण्याने वस्तू बदलत नाही; परंतु वस्तू कोणाच्या उपयोगाची आहे याविषयीची समजूत बदलते, आणि इंजिनाचे आयुष्य त्या समजुतीवर अवलंबून असते.

५

आता प्रत्यक्ष निदानाकडे येऊ. माधवकराच्या ‘रोगविनिश्चय’ या ग्रंथात, जो ‘माधवनिदान’ या नावाने अधिक ओळखला जातो, रोग जाणण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, म्हणजे अनुक्रमे हेतू, पूर्वसूचना, प्रकट लक्षण, उपचाराला मिळणारा प्रतिसाद आणि रोग घडून येण्याचा क्रम. मेकॅनिकाने हा ग्रंथ वाचलेला नसतो, आणि त्याची रीत आयुर्वेदातून आली असे आम्हास म्हणावयाचे नाही. तथापि कारणाचा शोध घेणाऱ्या कोणत्याही शास्त्रास या पाच पायऱ्या लागतात, आणि त्यांच्या साहाय्याने चूक नेमकी कोठे होते ते दाखविता येते.

पहिला प्रश्न रूपाचा. ‘गाडी तापली’ या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे. तापविणारा कोण हे त्यात नाही. ‘पाणी गेले’, ‘गॅसकेट उडाले’ ही वाक्येही तशीच. अशा वाक्यांच्या ओळीतून पौर्वापर्य हरवते. पाणी गेले म्हणून गाडी तापली, की गाडी तापली म्हणून पाणी गेले? गॅसकेट उडाल्यामुळे तापली, की तापल्यामुळे गॅसकेट उडाले? चारही गोष्टी घडू शकतात, आणि चारींचे उपाय भिन्न आहेत. यास्तव पहिली चौकशी क्रमाची असली पाहिजे : काटा वर जाण्यापूर्वी पाणी कमी असल्याचे आढळले होते काय? आदल्या आठवड्यांत किती वेळा व किती पाणी घालावे लागले? पूर्वरूप ते हेच. पाण्याचा हिशेब ठेवणारा चालक अर्धे निदान आधीच करून आलेला असतो.

दुसरा प्रश्न पाणी कसे गेले हा. येथे मराठीची क्रियापदसंपत्ती निदानास मोठे साह्य करते. गळणे, झिरपणे, उडणे, आटणे, मुरणे ही क्रियापदे समानार्थक नाहीत. त्यांतील प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

जे गळते वा झिरपते ते बाहेर जाते आणि खूण ठेवते. रबरी नळ्यांची तोंडे, रेडिएटरच्या वरच्या व खालच्या टाक्यांचे सांधे, पाण्याच्या पंपाखालचे बारीक छिद्र आणि ब्लॉकच्या अंगावरील पत्र्याची बुचे, या त्याच्या नेहमीच्या जागा. पंपाच्या छिद्रातून पाणी येऊ लागले म्हणजे आतील जोड झिजला असे समजावे. ते छिद्र बुजविणे हा उपाय नव्हे, कारण ते इशारा देण्यासाठीच ठेवलेले असते. झिरपलेले पाणी तापलेल्या धातूवर वाळते व क्षारांचा पांढरा किंवा तांबूस माग सोडते. मचूळ पाणी वापरणाऱ्या प्रदेशात हा माग अधिक ठळक असतो. इंजिनाचे नुकसान करणारे पाणी येथे निदानापुरता साक्षीदार होते. काही गळती दाब चढल्यावरच दिसते. तेव्हा थंड इंजिनावर हातपंपाने झाकणाइतका दाब देऊन काटा स्थिर राहतो की उतरतो ते पाहावे.

जे उडते वा आटते ते चालत्या गाडीतून रस्त्यावर पडते, आणि उभ्या गाडीखाली त्याचा मागमूस राहत नाही. येथे प्रथम संशय झाकणाचा. त्याची कमान ढिली पडली किंवा रबर वाळले की दाब टिकत नाही, पाणी शंभर अंशांनाच उकळते आणि उतू नळीवाटे बाहेर फेकले जाते. सर्वांत स्वस्त भाग हा असून सर्वांत उशिरा त्याच्याकडे लक्ष जाते, कारण झाकण हे केवळ झाकण आहे ही उघड्या युगाची समजूत अजून गेलेली नाही.

जे आतल्या आत मुरते त्याची लक्षणे इंजिनाच्या अन्य स्रावांत शोधावी लागतात. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर. तेलमापक पट्टीवर किंवा तेलाच्या झाकणाखाली ताकासारखे पांढुरके तेल. एकाच ज्वलनकक्षाचा स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ. थंड गाडी सुरू करताच वरची नळी फुगून कडक होणे. रेडिएटरात सतत येणारे बुडबुडे. यांतील एखादे चिन्ह अन्य कारणानेही असू शकते. थोडासा पांढुरका लेप केवळ दमट हवेनेही तेलाच्या झाकणाखाली जमतो. निर्णायक चाचणी रसायनाची आहे. रेडिएटरच्या तोंडावरील वायू ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रवातून जाऊ दिला असता तो पिवळा पडला, तर ज्वलनातील कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात शिरत आहे, म्हणजे गॅसकेट फाटले आहे किंवा धातूस चीर गेली आहे, हे सिद्ध होते.

६

पाणी पूर्ण असूनही गाडी तापत असेल तर प्रश्न बदलतो. तेव्हा विचारावयाचे ते असे : ती कोठे तापते? रायगडचा रस्ता या प्रश्नाचे एक सजीव कोष्टक आहे. मुंबईहून पनवेल-पेणमार्गे वडखळला येईपर्यंत काटा मध्यावर आणि वडखळच्या कोंडीत उभे राहताच वर, असे घडले तर उणीव वाऱ्याची आहे. जुन्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद झाले की तोही मंद होतो. सैल पट्टा, मोडकी पाती किंवा धुळीने व गंजाने भरलेले रेडिएटरचे पत्रे येथे उघडकीस येतात. उलट उभे असता काटा शांत आणि सपाट मार्गावर वेग धरताच वर, असे झाले तर उणीव पाण्याच्या वहनाची : नळ्या बुजलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा शोषाने चपटी होणारी खालची नळी. केवळ कार्लेखिंड, सुकेळी खिंड वा कशेडी घाट चढतानाच ती तापत असेल, तर शीतनाची शक्ती नेहमीपुरती आहे, जास्तीच्या भाराला पुरत नाही असा अर्थ होतो. अशा वेळी ठिणगी उशिरा पडत नाही ना, इंधनाचे मिश्रण विरळ नाही ना, ब्रेक आवळून राहिलेले नाहीत ना, हेही पाहिले पाहिजे. कारण उष्णता कमी निघणे हे एक, आणि ती मुळात अधिक निर्माण होणे हे दुसरे.

या ठिकाणी रस्त्याच्या इतिहासाने निदानात केलेला फरक नोंदविला पाहिजे. मुंबई-मांडवा मार्गावर इ. स. २०२० पासून गाड्या वाहून नेणारी बोट सुरू झाली. कशेडी घाटाखालील बोगद्यातून इ. स. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वाहतूक होऊ लागली. प्रवाशाच्या दृष्टीने या सोयीच आहेत. पण बोटीतून उतरून दोन-चार मैल चालणारी, मग आठवडाभर अंगणात उभी राहणारी जुनी गाडी कोणत्याच कसोटीला उतरत नाही. तिच्यातील दोष पूर्वी घाटाने उघड केला असता. आता तो लपून वाढतो, आणि प्रकट होतो तेव्हा पुष्कळदा हेड वाकलेले असते.

७

राहता राहिला उपशय, आणि मुख्य चूक येथेच आहे. उपचार केल्यावर बरे वाटले यावरून कारणाचा अंदाज बांधणे, हे उपशयाचे तत्त्व. ते शास्त्रीय ठरण्यास एक अट आहे : तो उपचार एका कारणाला लागू पडणारा व दुसऱ्याला न पडणारा असला पाहिजे. झाकण बदलून पाणी उडणे थांबले, तर झाकण दोषी होते; थर्मोस्टॅट बदलून काटा उतरला, तर तो दोषी होता. पाणी घालणे हा उपचार मात्र गळती, ढिले झाकण, फाटके गॅसकेट व बुजलेला रेडिएटर या सर्वांनाच काही काळ मानवतो. जो उपचार सर्व कारणांना सारखाच लागू पडतो, तो त्यांतील एकाही कारणाची ओळख पटवू शकत नाही. पाणी घातल्यावर गाडी पंचवीस मैल नीट चालली, यावरून तिला पाणी कमी पडले होते एवढेच सिद्ध होते. आणि ते आधीच माहीत होते.

काट्यावर विसंबण्यातही असाच धोका आहे. तापमापकाचा कंद पाण्यात बुडालेला असतो तोवर तो पाण्याचे तापमान सांगतो. पाणी त्याच्याही खाली गेले की तो वाफेत किंवा हवेत लोंबकळतो, आणि काटा खाली येऊ शकतो. चालकास वाटते ताप उतरला. वस्तुतः इंजिन त्या क्षणी सर्वाधिक संकटात असते. काटा एकाएकी उतरला आणि इंजिनाचा आवाज कर्कश झाला, तर गाडी तत्काळ थांबवून इंजिन बंद करणे एवढेच हाती राहते.

या दोषाची संप्राप्ती आता एका सूत्रात सांगता येईल. उघड्या युगाने पाणी घालण्याची सवय दिली; बंदिस्त युगाने त्या सवयीचा आधार काढून घेतला, पण सवय राहिली. थंड देशातील नावामुळे किनाऱ्यावरील चालक झीजरोधक द्रव्यापासून वंचित राहिला. खारेपाटातील मचूळ पाण्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले; झिजलेल्या हेडाने पाणी सोडले; आणि गेलेले पाणी पुन्हा त्याच विहिरीतून भरले गेले. या साखळीत यंत्राच्या कड्या आहेत तशाच शब्दांच्याही आहेत, आणि शब्दांच्या कड्या तोडणे त्या मानाने स्वस्त आहे.

शेवटी अभ्यासाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. जी गाडी दोन पिढ्या एकाच पद्धतीने तापली, गळली व दुरुस्त झाली, तिच्याबरोबर पनवेलपासून पोलादपूरपर्यंतच्या मेकॅनिकांची निदानभाषाही मावळत आहे. नव्या गाडीत संवेदक यंत्र दोषाचा क्रमांक दाखविते; ‘गळते की आटते’, ‘कोंडीत तापते की चढावर’ हे प्रश्न तेथे चालकास विचारले जात नाहीत. राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोशांचे मोठे कार्य केले आहे, परंतु परिभाषाकोश संज्ञा नोंदवितो. प्रश्न विचारण्याचा क्रम नोंदविणे हे त्याचे काम नव्हे. तो क्रम हेच या कारागिरांचे शास्त्र आहे. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी क्षेत्रीय अभ्यासासाठी गावे निवडताना देवळे, बाजार व शेते यांच्याबरोबर रस्त्याकडेची गॅरेजेही निवडावीत, आणि तेथील क्रियापदे त्यांच्या कारणांसह टिपून घ्यावीत. हे काम जाणते कारागीर हयात आहेत तोवरच होण्याजोगे आहे.